पंखा बंद, रेकॉर्डिंग चालू

घर भाड्याने देताना लोक नोकरी विचारतात, गाव विचारतात, मांसाहार करता का विचारतात. बडोद्याला मांजलपुरातल्या आमच्या घरमालकांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा: "तुमच्याकडे मिक्सर आहे का? किती जुना?"

लग्नातला आहे, म्हटलं.

"म्हणजे कार्बन झिजलेले असणार. ठिणग्या टाकत असेल. फ्रिज?"

"फ्रिज अजून घेतला नाही."

हे ऐकून ते पहिल्यांदा हसले. मग मला जिना चढून उतरायला सांगितलं, एकदा चपला घालून आणि एकदा अनवाणी. माझा नवरा बाहेर स्कूटरपाशी उभा होता. त्याला वाटलं मी पायऱ्या मोजून बघतेय. शेवटी वरच्या खोलीचं दार लावून दाखवायला सांगितलं. मी ते कडीला हात लावून सावकाश लावलं. दार लावायची माझी रीतच तशी आहे, त्यात परीक्षेसाठी काही वेगळं केलं नव्हतं. पण जागा आम्हाला मिळाली ती त्या दारामुळे, हे घरमालकीण काकूंनी नंतर सांगितलं. आमच्या आधी एक बँकेतलं जोडपं येऊन गेलं होतं. माणसं चांगली होती, पण त्या बाईंच्या पायांत पैंजण होते.

सोसायटीत सगळेच त्यांना काका म्हणत, म्हणून आम्हीही. मूळचे कोल्हापूरकडचे. तरुणपणी रिफायनरीत लागले, मापनाच्या उपकरणांच्या विभागात नोकरी झाली, तिथूनच निवृत्त झाले. काकू मात्र पक्क्या बडोद्याच्या. त्यांचे आजोबा संस्थानच्या नोकरीत होते. घरात मराठी, शाळा गुजराती, आणि भांडण कुठल्या भाषेत करायचं ते समोरचा माणूस बघून. मूलबाळ नव्हतं. काकांना एकच उद्योग होता. अंध विद्यार्थ्यांसाठी काम करणारी एक संस्था त्यांना कॉलेजची पुस्तकं आणून द्यायची आणि काका ती मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायचे. आधी कॅसेटवर करत. आम्ही राहायला गेलो त्या सुमारास त्यांनी कॉम्प्युटर घेतला होता आणि कॅसेटचं युग संपल्याचं जाहीर केलं होतं.

तेव्हा घरोघरी कॉम्प्युटर नुकते येऊ लागले होते. इंटरनेट लावलं की घरचा फोन बंद पडायचा. बाकीच्यांच्या घरी कॉम्प्युटरवर पत्ते खेळले जात, लग्नाच्या पत्रिका छापल्या जात. काकांना त्या सबंध यंत्रात फक्त साउंड कार्डाशी कर्तव्य होतं. बाकीचा कॉम्प्युटर म्हणजे त्या कार्डाला त्रास देण्यासाठी जमलेले शेजारी, असं ते बोलत. "आत बघा बाई," मला डबा उघडून दाखवत ते म्हणाले. मी शाळेत शिकवते म्हणून मी बाई. "हा पंखा घरघरतो, ही डिस्क फिरते, हे चित्राचं कार्ड सारखं चिरचिरतं. यांच्यामध्ये बसून या बिचाऱ्याने ऐकायचं. तुम्ही मासळीबाजारात बसून पेपर तपासाल का?" म्हणून त्यांनी साउंड कार्ड अगदी खालच्या खाचेत बसवलं होतं, चित्राच्या कार्डापासून जमेल तितकं दूर.

मागच्या बाजूला रंगीत सॉकेट होती. गुलाबी माइकचं, निळं बाहेरून आलेल्या मोठ्या आवाजाचं. गुलाबी सॉकेटवर काकांनी इन्सुलेशनची काळी टेप चिकटवून टाकली होती. त्यांचं म्हणणं, माइकचा आवाज फार बारीक असतो. तो कार्डाच्या हाती दिला की कार्ड तो मोठा करतं आणि सोबत डब्यातली सगळी घरघर मोठी करतं. त्यापेक्षा बाहेरच चांगल्या ॲम्प्लिफायरने मोठा करायचा आणि निळ्यात सोडायचा. तो ॲम्प्लिफायर त्यांनी स्वतः जोडला होता, पत्र्याच्या साबणदाणीत.

त्यांची एक ठरलेली शिकवण होती. आवाज सुधारत नसतो, तो बिघडायच्या वाटा तेवढ्या बंद करायच्या असतात. त्या वाटा बंद करण्यात त्यांचा दिवस जायचा. स्क्रीनवर आवाजाच्या पट्ट्यांची खिडकी उघडायचे आणि लागत नाहीत ती सगळी तोंडं एकेक करून गप्प करायचे, सीडीचं, फोनचं, माइकचं. "जो काही बोलत नाही, त्याचंही तोंड बंद ठेवा. गप्प बसलेला माणूसही श्वास घेतोच." रेकॉर्ड करताना पट्टी हिरव्यात ठेवायची, लाल दिवा एकदाही लागता कामा नये. लाल लागला की आवाजाची शेंडी कापली गेली, ती पुन्हा चिकटवता येत नाही. आवाज थोडा लहान राहिला तर चालतं, नंतर मोठा करता येतो. हे सगळं त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं की उद्या आम्हाला मूल झालं तर त्याला बाराखडीआधी हे येईल असं नवरा म्हणायचा.

मागच्या अंगणात त्यांनी स्वतः खड्डा खणून अर्थिंग केलं होतं. तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ. ती माती ओली राहिली पाहिजे म्हणून रोज सकाळी तिथे तांब्याभर पाणी घालायचे. काकू तुळशीला पाणी घालत असायच्या आणि काका त्यांच्या मागोमाग त्या खड्ड्याला. शेजारच्या हंसाबेन कुंपणावरून विचारायच्या, "काका, फूल क्यारे आवशे?" काका गंभीरपणे सांगायचे, फूल नाही येणार, गुणगुण जाणार. आणि खरोखर, त्या खड्ड्यानंतर रेकॉर्डिंगच्या तळाशी असणारी बारीक गुणगुण गेली. काकूंना हा पराक्रम मान्य होता, पण बोलून दाखवायचा नव्हता. "ह्यांची दुसरी तुळस," एवढंच त्या म्हणायच्या.

रेकॉर्डिंगची खोली म्हणजे मधली अडगळीची खोली. काकांनी मांडवीतून जुन्या रजया आणून चारी भिंतींना ठोकल्या होत्या. कॉम्प्युटर शेजारच्या खोलीत, वायर भिंतीतून आरपार. तिकडे बटण दाबायचं, मग इकडे येऊन दार लावायचं, पंखा बंद करायचा आणि वाचायला बसायचं. वेळ दुपारची, कारण जेवणं झाल्यावर बडोदं झोपतं. दुकानांची शटरं खाली, रस्ता रिकामा. आमच्यावर मात्र त्या वेळेत बंधनं असायची. नळ जोरात सोडायचा नाही, कुकर लावायचा नाही, पाण्याची मोटर नाही. काकू तर सबंध दुपार मुक्या. माझी सकाळच्या पाळीची शाळा, त्यामुळे दुपारी मी घरी. मी जिना उतरून खाली गेले की स्वयंपाकघरात काकू डाळीतले खडे खुणेने निवडत बसलेल्या दिसायच्या. खुणेने म्हणजे, खडा सापडला की मला उचलून दाखवायच्या आणि आतल्या खोलीकडे बोट करायच्या.

त्यांच्या हातात काचेच्या हिरव्या बांगड्या असायच्या. भिंतीतून एखादी किणकिण गेलीच तर आतून वाचन थांबायचं आणि काकांचा आवाज यायचा, "बांगड्या." एवढाच शब्द. मग पुन्हा परिच्छेदाच्या सुरुवातीपासून.

माझी नोंदी ठेवायची सवय काकांना फार आवडली. मी त्यांना गल्लीतल्या आवाजांचं वेळापत्रक करून दिलं. भंगारवाला कधी येतो, कुल्फीवाला कधी, हंसाबेनची घरघंटी कोणत्या वारी चालते. घरघंटी म्हणजे पीठ दळायची घरगुती चक्की, कपाटाएवढी. ती सुरू झाली की आमच्याकडे कपातला चहा थरथरायचा. काकांच्या सांगण्यावरून मी हंसाबेनकडे गेले आणि दुपारऐवजी सकाळी दळा असं सुचवलं.

"तमारा काका मकानमालिक छे के चोकीदार?" हंसाबेन म्हणाल्या.

मी म्हटलं, दोन्ही.

"सारु. पण सवारे दळीश तो मारां सासू जागशे. काकाने कहेजो, एमनी साथे बोलवा काका आवे."

काका गेले. सकाळी ज्यांची झोपमोड होणार होती त्या सासूबाईंशी तासभर बोलले. घरघंटी सकाळी चालू लागली. काका हट्टी होते, पण हट्टासाठी स्वतः झिजायची त्यांची तयारी असायची. म्हणून लोक त्यांचं ऐकायचे.

आता वैशालीची गोष्ट.

वैशाली आमच्याच भागातली, दोन गल्ल्या पलीकडे राहायची. जन्मापासून दिसत नव्हतं. वडील एका कारखान्यात, घरात मराठी, कॉलेज गुजराती माध्यमाचं. तिने वकिलीला प्रवेश घेतला होता, तो वडिलांना मनापासून पसंत नव्हता. त्यांच्या मते तिने टेलिफोन ऑपरेटरचा कोर्स करावा, अंध मुलींना त्यात लगेच लावून घेतात. पहिल्या वर्षी कराराच्या कायद्याचा पेपर राहिला, तेव्हा घरात ठरलं की आणखी एकच संधी. या खेपेला पेपर सुटला तर वकिली पुढे चालू, नाही सुटला तर टेलिफोन. ही अट तिने स्वतः काकांना सांगितली होती, अगदी सहज, हवामान सांगावं तशी. काकांनी कराराच्या कायद्याचं सबंध गुजराती पुस्तक तिच्यासाठी पहिल्यापासून वाचायला घेतलं.

त्या हिवाळ्यात काका खुशीत होते. त्यांना आवाज साफ करणारं एक सॉफ्टवेअर मिळालं होतं. त्याला सुरुवातीची रिकामी खरखर ऐकवायची, म्हणजे ते ओळखतं की नको असलेला आवाज हा, आणि मग सबंध रेकॉर्डिंगमधून तेवढा काढून टाकतं. काकांनी मला आधीचं आणि नंतरचं ऐकवलं. आधी शब्दांच्या मागे बारीक पाऊस पडल्यासारखी खरखर होती. नंतर काहीच नाही. काकांचा आवाज काळ्या मखमलीवर ठेवल्यासारखा. दोन वाक्यांच्या मधे इतकी शांतता की मला वाटलं वीज गेली.

"आता बोला," ते म्हणाले. वर्षानुवर्षं ते या शांततेच्या मागे होते. पट्टी त्यांनी सगळ्यात जास्त सफाईवर नेऊन ठेवली आणि सबंध पुस्तक त्यातून काढलं. डिस्कवर जागा कमी, म्हणून मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं. सीड्या वैशालीला गेल्या, संस्थेमार्फत शहरातल्या आणखी काही मुलांना गेल्या.

परीक्षा जवळ आल्यावर एका संध्याकाळी वैशाली आईबरोबर स्कूटरवरून आली. काका व्हरांड्यात होते, मी दुधाची पिशवी घेऊन वर निघाले होते.

"काका, एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "सगीर माणूस करार करायला सक्षम की अक्षम?" सगीर म्हणजे अल्पवयीन, गुजराती पुस्तकातला शब्द.

"अक्षम."

"आणि पुख्त वयाचा?" पुख्त म्हणजे सज्ञान.

"सक्षम. का गं?"

"तुमच्या सीडीवर दोघेही अक्षम आहेत."

काका हसले. मग त्यांना कळलं की ती विनोद करत नाहीये.

आम्ही सगळे आत गेलो. काकांनी ती जागा काढली. स्पीकरवरून स्वच्छ, गंभीर आवाजात काकांनी सांगितलं की पुख्त वयाची, स्वस्थ मनाची प्रत्येक व्यक्ती करार करण्यास अक्षम छे. त्यांनी पुन्हा लावलं. हेडफोन घातले, पुन्हा लावलं. पुढे सशर्त वचन होतं, ते अशर्त झालं होतं. सकारण होतं, ते अकारण. प्रत्येक ठिकाणचा स गेला नव्हता. जोरात म्हटलेला राहिला होता, हलका म्हटलेला गेला होता. म्हणून तर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

काकांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले. "स म्हणजे दुसरं काय, बाई," ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तोंडाने केलेली खरखरच. मी त्याला सांगितलं खरखर काढ. त्याने काढली."

"मला खरखर चालते, काका," वैशाली म्हणाली. "मागच्या वर्षीच्या, दुसऱ्या कोणीतरी वाचलेल्या कॅसेटमध्ये तर मागे कोणाचा तरी रेडिओ वाजायचा. खरखरीतून मी शब्द शोधून काढते. पण काढूनच टाकलेला शब्द कुठून शोधू?"

"कधी लक्षात आलं?"

"आज. कॉलेजात एकीशी वाद घातला. मी छातीठोकपणे सांगत होते." मग म्हणाली, "आता मला सगळ्याच पुस्तकाचा भरवसा वाटत नाही. कुठे अ खरा आणि कुठे खोटा, ते मी कसं ओळखायचं?"

तिच्या आईने विचारलं, तेवढी पानं पुन्हा वाचून दिली तर नाही का चालणार. काका म्हणाले, तेवढी कोणती ते त्यांनाही माहीत नाही. सबंध पुस्तक पुन्हा होईल. परीक्षेआधी होईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी खड्ड्याला पाणी घालून काका स्कूटर घेऊन निघाले आणि सीड्या ज्यांच्याकडे गेल्या होत्या त्या प्रत्येक मुलाच्या घरी गेले. गोत्रीपासून पार मकरपुऱ्यापर्यंत. दारात उभं राहून सांगायचे, सीडी चुकीची आहे, चूक माझी आहे, परत द्या, नवी आणून देतो. एका मुलाने सांगितलं की त्याला काही चूक वाटली नाही, राहू द्या. काकांनी त्याला सांगितलं, म्हणूनच परत द्या. संध्याकाळी अंगणात बसून त्यांनी सगळ्या सीड्या एकेक करून मोडल्या.

मी नवीन वेळापत्रक लावलं. पानं विभागून रोजचा वाटा ठरवला, काही दुपारी लग्नांच्या बँडमुळे फुकट जाणार हे धरून थोडी सवड ठेवली. काकांनी सफाईचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरमधून काढून टाकलं. उन्हाळा सुरू झाला होता. रजयांच्या त्या खोलीत पंखा बंद करून बसणं म्हणजे काय ते मी एकदा आत बसून पाहिलं आणि पाच मिनिटांत बाहेर आले. काका रोज बसत. बनियन घालून, डोक्यावर ओला पंचा टाकून. प्रत्येक स ठासून म्हणायचा म्हणून ते ओरडल्यासारखे वाचत होते. आठवडाभरात घसा बसला. गोत्रीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की पंधरा दिवस एक शब्द बोलायचा नाही. काकांनी पाटीवर लिहून विचारलं, कुजबुजलं तर? डॉक्टर म्हणाले, ते त्याहून वाईट.

त्या दुपारी मी खाली गेले तर काका पाटी घेऊन बसले होते आणि वैशाली समोर. मी वाचून देते म्हटलं, पण माझं गुजराती दुकानात भाजी घेण्यापुरतं. संस्थेला फोन केला, त्यांच्याकडे परीक्षेच्या दिवसांत मोकळं कोणी नव्हतं.

काकू डाळीची परात घेऊन दारात उभ्या होत्या. "मला कोणी विचारतंय का?" त्या म्हणाल्या.

मी काकांकडे बघितलं. काका तर बोलूच शकत नव्हते.

"सातवीपर्यंत गुजरातीत पहिला नंबर होता माझा. बक्षीस मिळालंय." परात खाली ठेवून त्यांनी काकांच्या हातातून पुस्तक घेतलं आणि उभ्या उभ्या एक परिच्छेद वाचला. मी दोन वर्षं त्यांच्या घरात राहत होते, पण त्यांचा सलग आवाज त्या घरात दुपारच्या वेळी पहिल्यांदा ऐकला. सरळ, न घाईचा, प्रत्येक अक्षर पायरी उतरल्यासारखं.

"काकू, तुम्हीच वाचा," वैशाली म्हणाली. "काका गुजराती वाचतात तेव्हा मागे कोल्हापूर ऐकू येतं."

काकांनी पाटीवर लिहिलं आणि माझ्यापुढे धरली. मी मोठ्याने वाचलं, "बांगड्या."

"काढणार नाही," काकू म्हणाल्या. "सवाष्ण आहे मी. तुमच्या कार्डासाठी नाही काढणार." मग त्यांनी बांगड्या कोपराच्या दिशेने सरकवल्या, वर ओला हातरुमाल घट्ट गुंडाळला आणि हात हलवून दाखवला. आवाज नाही. काकांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान डोलावली. मंगळसूत्र पदरात खोचलं गेलं.

काकांनी त्यांची परीक्षा भाडेकरूपेक्षा कडक घेतली. सकाळ, सशर्त, सक्षम, साक्षी असे शब्द पाटीवर लिहून म्हणायला लावले. काकूंचा स तोंडासमोरच्या माइकवर शिट्टीसारखा येत होता. काकांनी माइक तोंडासमोरून हलवून गालाच्या बाजूला आणला, हातभर मागे घेतला, पट्टी थोडी खाली ओढली. पुन्हा ऐकलं. मग वैशालीच्या कानांवर हेडफोन ठेवले. ती ऐकत राहिली.

"खरखर आहे," ती म्हणाली. "आणि सगळं आहे."

मग ते दिवस असे गेले की काकू आत, काका शेजारच्या खोलीत कॉम्प्युटरपाशी हेडफोन लावून, आणि मी स्वयंपाकघरात बसून पानांवर खुणा करत. वैशालीने पहिल्या सीड्या हातात येताच अभ्यास सुरू केला. आम्ही वाचत पुढे आणि ती आमच्या मागे. एक दुपार बँडमध्ये गेली, एक वीज गेल्यामुळे. दोन्ही दुपारी काकू न चिडता त्याच पानावर परत बसल्या. काका चिडत, पण पाटीवर चिडायला वेळ लागतो आणि तोपर्यंत राग उतरतो. पंधरा दिवस संपले, घसा मोकळा झाला, तरी त्यांनी पुस्तक परत मागितलं नाही. बोलता यायला लागल्यावर ते पहिलं वाक्य बोलले ते भिंतीच्या या बाजूने, हळूच: "तो परिच्छेद चांगला झाला."

शेवटची सीडी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात गेली.

पेपर सुटला. मार्क फार नव्हते, पण सुटला. निकालाच्या दिवशी वैशाली पेढे घेऊन आली. सोबत वडील होते. ते व्हरांड्यात अवघडून बसले आणि पुढच्या वर्षीची पुस्तकं कधी आणून द्यायची असं काकूंना विचारू लागले. काकांना मात्र मार्क कुठे गेले ते हवं होतं. कुठे अडलीस, कोणतं पान, रेकॉर्डिंगमध्ये काही दोष होता का.

"कुठे अडले नाही. फक्त करारास सक्षम कोण, हे सांगताना हसू आलं. उत्तर लिहून घेणारी मुलगी विचारत होती, ताई काय झालं."

"हसू का?"

"तुम्हाला माहीत नाही? स्वस्थ मनाची व्यक्ती सक्षम, अस्वस्थ मनाची अक्षम, एवढं वाचून काकू थांबतात. पाणी पिऊन ग्लास ठेवतात. आणि मराठीत म्हणतात, उन्हाळ्यात पंखा बंद करून बसणारे सगळे यात आले."

वैशालीचे वडील आधी हसले, मग मी. काकू पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "अगोबाई, ते राहिलं वाटतं." आणि काकांकडे वळून, "अहो, तुम्ही कानाला लावून बसला होतात ना? खोकलासुद्धा कापता. ते नाही कापलंत?"

काका पेढा खात होते. तो पूर्ण संपवून त्यांनी हात पुसले.

"कशाला कापू?" ते म्हणाले. "सबंध पुस्तकात तेवढा आवाज सगळ्यात चांगला आलाय."